‘गुप्तवार्तेत आता माणसं लागणार नाहीत’: त्या मेसेजला उत्तर

सोलापुरातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘एआय आलं, गुप्तवार्तेत आता माणसं लागणार नाहीत. सिम्युलेशन म्हणजे व्हिडिओ गेम. आणि या नोकऱ्या दिल्लीत ओळख असेल त्यालाच.’ माझ्या क्लासमधल्या एका मुलीने तो वाचून गेट या इंजिनिअरिंगच्या राष्ट्रीय परीक्षेचा अभ्यास थांबवला, म्हणून लिहितोय.

ओळखीचं आधी संपवू. इंटेलिजन्स ब्युरो ही देशांतर्गत गुप्तचर यंत्रणा तांत्रिक अधिकाऱ्यांची जाहिरात उघड काढते. २०२३ च्या जाहिरातीत कॉम्प्युटर आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या मिळून २२६ जागा होत्या, आणि पहिली चाळणी गेटच्या गुणांची.

आता ‘व्हिडिओ गेम’. आपल्या सोलापूरच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक एखाद्या अरुंद रस्त्यावर अडली, तर मागची गर्दी कुठे वळेल? संगणकावर हे शंभर तऱ्हांनी घडवून बघता येतं, तेही कुणी चेंगरण्याआधी. यालाच सिम्युलेशन म्हणतात. शत्रूच्या हालचालींबाबत हेच करतात. डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेची दिल्लीतली ‘इस्सा’ ही प्रयोगशाळा सैन्यासाठी वॉरगेमिंगचंच, म्हणजे लढाई आधी संगणकावर खेळून बघण्याचं काम करते. आणि खरोखरचे गेमही वापरलेत: अमेरिकेच्या आयार्पा या गुप्तवार्ता-संशोधन संस्थेने ‘सिरियस’ प्रकल्पात विश्लेषकांना स्वतःचे पूर्वग्रह ओळखता यावेत म्हणून गेम बनवून घेतले. यात हसण्यासारखं काय आहे?

माणसं लागणार नाहीत, हा दावा मला सगळ्यात घातक वाटतो. कारगिल युद्धानंतर नेमलेल्या के. सुब्रह्मण्यम समितीने माहिती गोळा करण्यातल्या आणि यंत्रणांच्या आपसातल्या समन्वयातल्या उणिवा दाखवल्या. पुढे २००४ मध्ये एनटीआरओ ही तांत्रिक गुप्तवार्तेची संस्था उभी राहिली. उपग्रहाचे हजारो फोटो मशीन चाळेल, हे खरं. पण दिसलेला तंबू मेंढपाळाचा की सैनिकाचा, याची जबाबदारी कुणीतरी घ्यावीच लागते. सिम्युलेशन तर आपण भरलेल्या गृहीतकांवरच चालतं. गृहीतक चुकलं, तर चुकीचं उत्तर झोकात मिळतं! ते चुकलंय हे ओळखणारा माणूस हवा.

आणि भाषा. सोलापूरच्या पूर्व भागातली मुलं घरात तेलुगू, शाळेत मराठी बोलतात, बाजारात कन्नड कानावर पडते. ‘बघून घेतो तुला’ ही धमकी की मित्रांमधली मस्करी, हे त्यांना सुरावरून कळतं. हे भांडवल कमी समजू नका.

गेट फेब्रुवारीत असते. सोमवारपासून प्रॉबॅबिलिटी पहिल्यापासून घेतोय. अभ्यास थांबवलेल्या त्या मुलीची जागा ठेवली आहे.