पाकीट पोचलं, कागद नाही

"पाकीट मिळालंय मॅडम. पण आत कागद होते हे कशावरून?"

हे मला विमा कंपनीच्या कार्यालयातल्या साहेबांनी परवा फोनवर ऐकवलं. बाबांच्या पॉलिसीचे कागद होते. माझ्याकडे पावती आहे, तेरा अक्षरी नंबर आहे, घेणाऱ्याची झोकदार सही आहे. पण साहेबांच्या मते मी फावल्या वेळात रिकामी पाकिटं स्पीडपोस्टानं पाठवत असते. आता मूळ पॉलिसी हरवली म्हणून पाचशेच्या स्टँप पेपरवर हमीपत्र मीच द्यायचं. हरवली त्यांनी, हमी माझी!

तर दुसरा संच घेऊन मी पोस्टाच्या रांगेत. पुढे एक काका, काखेत जाड फाइल, हातात एकच पाकीट.

"कोर्टाचं का?" त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं. रांगेत पाकीट घेऊन उभा असलेला माणूस दुसरं काय करणार, अशी त्यांची खात्री होती.

"नाही हो. तुमचं?"

"भावाला नोटीस."

"कुठे असतात?"

"वरच्या मजल्यावर."

मला वाटलं, पोस्टाच्या वरच्या मजल्यावर. तर नाही, यांच्याच घराच्या. वाटणीचा दावा चालू आहे. जिना मधे आहे, बोलणं बंद आहे. त्यामुळे पाकीट आधी गावभर फिरतं आणि मग त्याच जिन्यानं वर जातं. पोस्टमन बिचारा खालच्या मजल्यावर काकांकडेच पाणी पितो.

"पिनकोड एकच असेल ना?" मी भाबडेपणानं विचारलं.

"एकच! १९७२ मध्ये वेलणकरांनी काढला तो, आपला मराठी माणूस. सहा आकड्यांत सगळा देश बसवला. पण मजल्याला आकडा ठेवला नाही." हे सांगताना काका खरोखर दुखावलेले दिसले.

मग काका रजिस्टर एडीवर, म्हणजे पोचपावतीच्या रजिस्टर पोस्टावर आले. घरातलं कुणी गेल्यासारखा आवाज झाला. "२०२५ साली स्पीडपोस्टात विलीन केलं हो. आता वर पाच रुपये आणि जीएसटी भरून रजिस्ट्रेशन मागायचं, मग ज्याचं पत्र त्याच्याच हातात. पण ते गुलाबी कार्ड सहीसकट परत यायचं, त्याची सर नाही. ट्रॅकिंग काय, मोबाइलमध्ये दिसतं. मोबाइल फाइलला लावता येतो का?"

"आणि भावानं घेतलंच नाही तर?"

काकांचा चेहरा उजळला. "'घेण्यास नकार' हा शेरा म्हणजे सोनं! कोर्ट म्हणतं, मिळाल्यातच जमा. १८९७ चा कायदा आहे, कलम २७. ते सोडाच, 'दार बंद' यायला लागलं तर मी खालून ऐकतो ना, वर टीव्ही चालू असतो. तारीख-वेळ लिहून ठेवतो."

मग मी माझं दुःख सांगितलं. काकांनी माझी जुनी पावती चष्म्याजवळ धरली. "ताई, हे बघा. वजन! सत्तेचाळीस ग्रॅम. रिकामं पाकीट सत्तेचाळीस ग्रॅम भरतं का?"

इतका कायदेशीर आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. तिथूनच साहेबांना फोन लावला. वजन सांगितलं.

"वजन आमच्या रजिस्टरला घेत नाही," साहेब म्हणाले. "शिवाय कोरे कागदही असू शकतात."

बाप गेल्यावर पोरगी विमा कंपनीला कोरे कागद पाठवते! मी एवढं काही बोलले की मागचे दोघं पुढे सरकले. साहेब शांत होते. म्हणाले, "असं तोंडी नको. लेखी तक्रार करा."

"कशी?"

"पोस्टानं पाठवा. आणि पोच जपून ठेवा."

काका मान डोलवत होते. "बरोबर बोलतोय माणूस," म्हणाले आणि खिडकीशी जाऊन भावाचं पाकीट वजनकाट्यावर ठेवलं.