प्राणी दिसू न देता प्राणिसंग्रहालय कसे दाखवावे

सहल कुठं न्यायची हे मुलांना विचारायची हौस नव्या शिक्षकांना फार असते. ती आवरा. ठिकाण ठरलेलं आहे. शाळा खानापूर तालुक्यातली असो की बेळगाव शहरातली, डिसेंबर उजाडला की काकती, होनगा मागं टाकून भुतरामहट्टीचं राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालय गाठायचं आणि वेळ उरला तर हिडकल डॅम, गोकाकचा धबधबा उरकायचा. डिसेंबरात धबधब्याला पाणी किती असतं, हा प्रश्न भूगोलाच्या पेपरातला आहे. सहलीत तो काढू नये.

संमतिपत्र छापताना ‘काही बरेवाईट घडल्यास शाळा जबाबदार राहणार नाही’ हे ठळक अक्षरात घ्या, बाकी मजकूर जागा उरेल तसा बसवा. पैसे गोळा करायच्या दिवशी जरा सांभाळून. 2023 च्या जूनमध्ये कर्नाटकात शक्ती योजना आली आणि बायकांना, मुलींना सरकारी लाल बसचं तिकीट माफ झालं. तेव्हापासून एखादी आई हमखास विचारते, “गुरुजी, पोरीला बस फुकट हाय की, मग एवढे पैसे कशाचे?” अशा वेळी पावतीपुस्तकात काहीतरी शोधत राहावं. मागं रांग असते, ती आपसूक पुढं सरकते.

बसमध्ये खिडकीच्या जागा शिक्षकांच्या. उलटी होणारी मुलं मधल्या वाटेत उभी करा, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखा न्याय मिळतो. गाडी हलली की ‘गणपती बाप्पा मोरया’ एकदा होऊ द्या, मग गाणी बंद. ड्रायव्हरला फोनवर बोलायचं असतं. आणि मोजणी. चढताना मोजा, उतरताना मोजा, तिकीटखिडकीपाशी मोजा, संडासाच्या आधी आणि नंतर मोजा. एक मूल कमीच भरतं, आणि ते बहुतेक वेळा मोजायला पाठवलेलं मॉनिटर असतं. प्राणिसंग्रहालयात सगळ्यात जास्त वेळ बघितलं जाणारं जनावर म्हणजे रांगेतली मुलं, हे एकदा पटलं की बाकीचं सोपं जातं.

पोचायची वेळ भर दुपारची ठेवा. वाघाची हालचाल बघायची तर सकाळी लवकर नाहीतर ऊन उतरल्यावर यावं लागतं, पण तेव्हा बस मिळत नाही आणि हजेरी लागत नाही. बाराच्या उन्हात वाघ सावलीत आडवा पडलेला असतो, झुडपामागं पट्ट्यांचा एक तुकडा दिसतो. तो मेलाय का, असं मागचं पोरगं विचारतं. मग सगळ्यांनी मिळून ओरडायचं. जनावरांना चिडवणं, खायला टाकणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 38-ज प्रमाणं गुन्हा आहे. पण मुलांना शिस्त लागावी म्हणून आपण शिट्टी वाजवतो, तेव्हा तिचा आवाज त्या कायद्यात बसत नसावा. सिंहांचंही तसंच. 2021 साली बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टाहून, राज्याच्या त्या टोकापासून, त्यांना इथवर आणलं. आपण त्यांच्यापुढं दोन ओळींची एक ओळ करायला लागेल तेवढाच वेळ थांबावं.

खरा धोका प्रश्नांचा. मगर तोंड उघडं टाकून पडलेली असते. पोरं विचारणार, का? अंग तापलं की मगर तोंडातून उष्णता बाहेर टाकते, हे कुठंतरी वाचलेलं आठवत असेल तर विसरा. ‘भूक लागलीय तिला, पुढं चला’ म्हणावं. रांग दुप्पट वेगानं सरकते. फलक वाचत थांबू देऊ नये. आमची मराठी शाळेतली पोरं कन्नड धडाधडा वाचतात, आणि वाचलं की त्यातलं विचारतात. आपण परिपत्रकाखेरीज काही वाचलेलं नसतं.

अस्वलापाशी मात्र विशेष दक्षता. मुलं जांबोटी, कणकुंबी भागातली असतील तर तो पिंजरा टाळलेलाच बरा. 2011 साली अभयारण्य झालेल्या भीमगडच्या कडेची ही पोरं. गवा त्यांच्या भातात उतरतो, अस्वलाच्या भीतीनं त्यांचे बाप काळोखात एकटे बाहेर पडत नाहीत. त्यांतलं एखादं जाळीला नाक लावून म्हणतं, “सर, हे लई गरीब दिसतंय. आमच्यातलं असं नसतंय.” कसं असतंय, असं कुणी विचारलंच तर संपलं. ते पोरगं दप्तर खाली ठेवतं, गुडघ्यांवर बसतं, दोन्ही हातांची नखं मातीत रोवतं आणि वारूळ उकरायला लागतं. मग तोंड खड्ड्याशी नेऊन आधी फूऽऽ करून माती उडवतं आणि ओठांचा चंबू करून सुर्रर्र ओढतं. अस्वल वाळवी खातं ती अशीच. त्याला वरचे मधले दोन दात नसतात, त्या फटीतून ते ओढून घेतं आणि तो आवाज रात्री लांबवर जातो. हे त्या पोराला आजोबानं सांगितलेलं असतं. ओळ मोडते, सगळी पोरं गोल करून बसतात, राखणदारसुद्धा काठी टेकून ऐकायला लागतो. इथं तुम्ही मधे पडलंच पाहिजे. “कपडे कुणी धुवायचे रे? ऊठ!” एवढं पुरतं.

काळविटांपाशीही रेंगाळू नका. कळप एवढाच कसा, असं कुणीतरी विचारणार. नोव्हेंबर 2025 मध्ये इथली 31 काळविटं थोड्या दिवसांत दगावली, निदान घटसर्पाचं झालं. ज्यांच्या घरी म्हशी आहेत त्यांना घटसर्प पाठ असतो: गळा सुजतो, घरघर लागते, पावसाळ्याआधी लस टोचायची असते. “मग ह्यांना टोचली नव्हती काय, बाई?” असं सातवीतली पोरगी विचारते. तिला पाण्याची बाटली भरून आणायला पाठवा.

जेवण झाडाखाली. मुलांनी आणलेल्या डब्यांतली तांदळाची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी चाखून बघणं हे शिक्षकांचं कर्तव्य आहे, विषबाधा टाळण्यासाठी. त्यानंतर घसरगुंडी आणि झोपाळे. सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. पोरांना सहल आठवते ती एवढीच, आणि आपल्यालाही टेकायला मिळतं. ग्रुपवर टाकायचा फोटो प्रवेशद्वारापाशी काढा. बॅनर पूर्ण दिसला पाहिजे, चेहरे नाही दिसले तरी चालतील.

दुसऱ्या दिवशी ‘मी पाहिलेले प्राणिसंग्रहालय’ हा निबंध फळ्यावर लिहून द्या. त्यात वाघ ‘डरकाळी फोडत होता’ आणि मोर ‘थुईथुई नाचत होता’ असं असू द्या, झोपले होते वगैरे नको. सगळ्यांच्या वह्या सारख्या आल्या की तपासायला मधली सुट्टी पुरते. एखादी वही मात्र तीन पानं भरून येईल, त्यात वारूळ, आजोबा आणि भातातला गवा. तिच्यावर लाल शाईनं ‘विषयांतर’ लिहा आणि दहापैकी चार द्या. मग ‘विद्यार्थ्यांना वन्यजीवांची प्रत्यक्ष ओळख झाली’ हे वाक्य घालून अहवाल एचएमच्या, म्हणजे मुख्याध्यापकांच्या, सहीनं बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला लगेच पोचता करा. तो रेंगाळला तर पुढच्या वर्षीची परवानगी अडते.