बोल्ट मारल्यावर गाडी ओढते, पण कशाच्या जोरावर?

नमस्कार. वीस वर्षांच्या गाडीला ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे धुरातला ऑक्सिजन पाहून इंजिनाच्या संगणकाला इशारा देणारा भाग, पुन्हा बसवल्याच्या माझ्या लेखावर आपण परखड आणि मुद्देसूद लिहिलेत, याबद्दल आभार. अक्कलकोट रोडवर इतकी वर्षे गॅरेज चालवणाऱ्या माणसाचे म्हणणे दोन ओळींत उडवून लावणे मला शोभणार नाही, म्हणून उत्तर लांबले आहे. आपले आक्षेप थोडक्यात असे: एवढ्या जुन्या गाडीवर ३,५०० रुपयांचा सेन्सर म्हणजे पैसे पाण्यात, सेन्सर काढून त्याच्या भोकात बोल्ट मारला तर गाडी उलट जास्त ओढते आणि पीयूसीही निघते, आणि वायरींचे जोड मी सोल्डर केले ते साफ चुकले.

शेवटचा आक्षेप आधी घेतो, कारण तिथे आपण बरोबर आहात. या सेन्सरला तुलनेसाठी एका अंगाला सायलेन्सरमधला वायू आणि दुसऱ्या अंगाला बाहेरची स्वच्छ हवा लागते, आणि बऱ्याच सेन्सरांत ही हवा वायरीच्या बारीक तारांमधल्या फटींतूनच आत जाते. सोल्डर वितळून त्या तारांत शिरले की ती वाट बुजते. दोन पांढऱ्या वायरी हीटरच्या, काळी सिग्नलची, करडी सिग्नलच्या अर्थिंगची, इथपर्यंतची जुळवाजुळव मी बरोबर केली होती. पण जोड सोल्डरनेच पक्का होतो ही रेडिओ उघडत बसण्याच्या दिवसांतली सवय इथे आड आली. मूळ लेखात तशी दुरुस्ती केली आहे.

बोल्टविषयी मात्र माझे मत बदललेले नाही. गाडी ओढते हा अनुभव खोटा आहे असे मी म्हणणार नाही, कारण आधीच्या मालकाने माझ्या गाडीलाही हाच उपाय केला होता आणि दीड वर्ष मी ती तशीच चालवली. प्रश्न कारणाचा आहे. पेट्रोल पुरते जळण्यासाठी वजनाने एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा लागते. मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, असेल तर सेन्सर ०.८ ते ०.९ व्होल्ट दाखवतो, लीन, म्हणजे पेट्रोल कमी, असेल तर ०.१ ते ०.२, आणि त्या इशाऱ्यावर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोल सतत कमी-जास्त करत राहतो. सेन्सरच नसला तर ईसीयू काही हात बांधून बसत नाही. तो आपल्या आत साठवलेल्या ठरावीक तक्त्याने पेट्रोल सोडतो, आणि इंजिनाला इजा नको म्हणून तो तक्ता बहुधा रिचकडे झुकलेला असतो. इंजिनाची सर्वांत जास्त ताकद १२.५ ते १३ च्या प्रमाणाला मिळते, म्हणून पिकअप सुधारल्यासारखा वाटतो. त्याची किंमत काळ्या पडलेल्या प्लगांतून, पेट्रोलच्या बिलातून आणि धूर स्वच्छ करणाऱ्या कन्व्हर्टरच्या तापून वितळणाऱ्या जाळीतून वसूल होते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला असता सेन्सर ठणठणीत असला तरी ईसीयू त्याचे ऐकत नाही, रिच मिश्रणच देतो. म्हणजे ओव्हरटेक करताना लागणारी ताकद सेन्सर बसवल्याने कुठे जात नाही. फरक पडतो तो मोहोळ ते टेंभुर्णीसारख्या सपाट रस्त्यावर, एका लयीत ७०-८० च्या वेगाने जाताना, आणि आपल्या भागातले बहुतेक चालवणे याच प्रकारचे आहे. पीयूसीचे म्हणाल तर अशा जुन्या पेट्रोल गाडीची ती तपासणी गाडी उभी ठेवून, आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, होते. हायवेवर इंजिन काय जाळते ते तिथे दिसण्याचा प्रश्नच येत नाही.

आपल्या पेट्रोलमध्ये सेन्सर टिकत नाहीत, असेही आपण जाता जाता लिहिले आहे. शिसेयुक्त पेट्रोल होते तेव्हा ते खरेच होते, पण २००० सालापासून ते देशभर बंद आहे. आता सेन्सर मरतो तो इंजिन ऑइल जाळत असेल तर, किंवा कोणी गॅस्केटला, म्हणजे दोन भागांच्या सांध्यातल्या पट्टीला, भलताच सिलिकॉन थापला असेल तर. ऑइल खाणाऱ्या इंजिनाला नवा सेन्सर बसवू नये, हे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे.

पैशांचा हिशोब देतो. बोल्ट असताना ११ चे ॲव्हरेज होते, आता दोन टाक्यांचे मिळून १४ आले आहे. मात्र प्लगही त्याच वेळी बदलले, त्यामुळे सगळे श्रेय सेन्सरला देणार नाही. शिवाय नुसता सेन्सर बसवून काम भागलेही नव्हते. बोल्टने आटे इतके खाल्ले होते की लेथवाल्याकडून १८ बाय १.५ चा टॅप, म्हणजे आटे पाडण्याचे अवजार, फिरवून घ्यावा लागला, आणि सेन्सर बसल्यावरही मल्टिमीटरचा आकडा ०.१५ च्या वर येईना. आपण म्हणता तसे सेन्सर खोटा निघाला असे समजून मी तो परत करणार होतो. सकाळी थंड इंजिन सुरू केले तेव्हा मॅनिफोल्डपाशी, म्हणजे इंजिनातला धूर जिथून बाहेर पडतो तिथे, बारीक ‘फट् फट्’ ऐकू आले. गॅस्केट फुटले होते. तिथून आत ओढली जाणारी हवा सेन्सरला लीन भासत होती आणि बिचारा ईसीयू आणखी पेट्रोल ओतत होता. गॅस्केट बदलून इंजिन गरम केले, २,००० आरपीएमवर रेस धरली, आणि आकडा ०.१२, ०.७८, ०.२१, ०.८१ असा नाचू लागला.

सोल्डरचे जोड अजून तसेच आहेत. आपल्याकडे क्रिंप करण्याचे, म्हणजे सोल्डरशिवाय वायरी दाबून जोडण्याचे, चांगले अवजार असेल तर या रविवारी गाडी घेऊन मीच येतो. मल्टिमीटर आणतो आणि तो बोल्टही आणतो. जोड कापण्याआधी एकदा सेन्सर, एकदा बोल्ट लावून आपणच गाडी फिरवून पाहा.