घरबसल्या गेटिसबर्ग

अमेरिकन लढायांच्या इतिहासात संशोधन करायचं ठरवलंत, त्याबद्दल आधी अभिनंदन. विषय अगदी सोयीचा निवडलात. आपल्याकडे पानिपतावरच्या एकेका पत्रासाठी लोकांनी वाड्यांचे माळे धुंडाळले, वाळवी लागलेले रुमाल सोडले, मोडी वाचून डोळे घालवले. अमेरिकेत तसले हाल नाहीत. उत्तर आणि फुटून निघालेली दक्षिण यांच्यातल्या यादवी युद्धातले दोन्ही बाजूंचे अहवाल, तारा, हुकूम आणि पत्रं सरकारनेच १८८० ते १९०१ या काळात छापून काढली. एकूण १२८ पुस्तकं, नकाशे वेगळे. आता ती फुकट उतरवून घेता येतात. घ्या. एका फोल्डरमध्ये ठेवा आणि फोल्डरला 'अस्सल साधनं' असं नाव द्या. उघडू मात्र नका. आत काय निघेल सांगता येत नाही, आणि मत आधी बनवून पुरावा मागून शोधण्यातली सगळी मजा निघून जाते.

लढाई गेटिसबर्गचीच घ्या. पेनसिल्व्हेनिया, १ ते ३ जुलै १८६३. मेलेले, जखमी, पकडलेले आणि बेपत्ता धरून दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ५१ हजार. न्यू जर्सीत राहत असाल तर सकाळी पोळीभाजीचे डबे भरून निघालात की रात्री घरी. तिथे तेराशेहून अधिक स्मारकं आहेत, म्हणजे फोटोंना तोटा नाही. दगडावर जे कोरलं आहे ते खरं धरून चाला. कुठली रेजिमेंट कुठे उभी होती हे कसं ठरलं, असं कोणी विचारलं तर 'कागदपत्रांवरून' म्हणा. ७२व्या पेनसिल्व्हेनिया रेजिमेंटच्या म्हाताऱ्या शिपायांनी आपलं स्मारक मागे नको, पुढे आघाडीच्या दगडी भिंतीपाशीच हवं म्हणून दावा लावला होता आणि १८९१ मध्ये तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकला, हे सांगत बसू नका. लढाई संपून २८ वर्षं झाल्यावर आघाडी पुढे सरकवणारी दुसरी रेजिमेंट जगात असेल असं वाटत नाही, पण तो विषय वेगळा.

आता नायक निवडा. दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली उत्तम. पांढरी दाढी, राखाडी घोडा, मितभाषी. अडचण एकच आहे आणि ती लीनेच करून ठेवली आहे. तिसऱ्या दिवशीचा हल्ला मोडून माणसं परत येऊ लागली तेव्हा तो त्यांना सामोरा गेला आणि चूक माझी आहे म्हणाला. पुढच्या महिन्यात त्याने दक्षिणेचा राष्ट्राध्यक्ष जेफरसन डेव्हिस याच्याकडे पद सोडण्याची तयारीही लिहून कळवली. नायकाच्या अशा बोलण्याकडे लक्ष द्यायचं नसतं. तो त्याचा मोठेपणा. ली चुकू शकत नाही हे ठरल्यावर, मी चुकलो असं म्हणणारा लीसुद्धा साक्षीदार म्हणून बाद होतो.

मग चूक कोणाची? जेम्स लाँगस्ट्रीटची. हा लीचा सगळ्यात ज्येष्ठ कॉर्प्स सेनापती (कॉर्प्स म्हणजे काही डिव्हिजन मिळून झालेली फौज). युद्धानंतर त्याने जे केलं त्यावरून युद्धात तो काय करत होता ते आपोआप कळतं. तो लिंकनच्या रिपब्लिकन पक्षात गेला, राष्ट्राध्यक्ष ग्रँटच्या सरकारात नोकरी पत्करली आणि १८७४ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावर गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीला अडवायला काळ्या शिपायांच्या पुढे उभा राहिला. असा माणूस १८६३ मध्ये वेळेवर हल्ला करील का? लाँगस्ट्रीटला दुसऱ्या दिवशी सूर्योदयालाच हल्ला करायला सांगितलं होतं आणि त्याने दुपारचे चार वाजवले, हे लीचाच एक सेनापती जुबल अर्ली आणि लीच्या तोफखान्याचा प्रमुख पेंडलटन यांनी १८७२-७३ च्या सुमारास भाषणांतून जगाला सांगितलं. ली १८७० मध्येच वारला होता. हा योगायोग समजा. लाँगस्ट्रीटने लीच्या खास अधिकाऱ्यांना पत्रं घालून विचारलं, तेव्हा सूर्योदयाच्या हल्ल्याचा हुकूम आपल्याला ठाऊक नाही असं त्यांनी लिहून कळवलं. ठाऊक नसलेला हुकूम अधिक गुप्त आणि म्हणून अधिक महत्त्वाचा असतो. पहिल्या दिवशी संध्याकाळी सिमेटरी हिल ही मोक्याची टेकडी ताब्यात घ्यायची राहिली, तेव्हा त्या बाजूला डिव्हिजन घेऊन हाच अर्ली होता. हा मुद्दा तळटीपेतही नको.

कोण कुठे किती वाजता पोचला यावर लेखमाला चालवता येते, कारण वेळ ही फार लवचिक चीज आहे. ३ जुलैच्या तोफा दुपारी १ वाजून ७ मिनिटांनी सुरू झाल्या, असं गावातल्या कॉलेजचे प्राध्यापक मायकेल जेकब्स यांनी टिपून ठेवलं. अधिकाऱ्यांच्या अहवालांत वेगळ्या वेळा आहेत. तिकडे रेल्वेने प्रमाणवेळ आणली १८८३ मध्ये, तोवर ज्याच्या खिशात घड्याळ त्याची वेळ. तेव्हा आपल्या माणसाला त्याच्या स्वतःच्या घड्याळाने मोजा आणि ज्याला उशीर करवायचा आहे त्याला शत्रूच्या.

तिसऱ्या दिवशीचा तो हल्ला 'पिकेटचा हल्ला' म्हणून ओळखला जातो. सुमारे साडेबारा हजार माणसं उघड्या शेतांतून पाऊण मैल चालत गेली, निम्म्याहून अधिक कामी आली किंवा जखमी होऊन, पकडली जाऊन गमावली गेली. पिकेटची डिव्हिजन तिथल्या तिघांतली एक. उरलेल्या दोन पेटिग्रू आणि ट्रिंबल यांच्या. पण त्यात नॉर्थ कॅरोलायना, मिसिसिपी, टेनेसीची माणसं पुष्कळ, आणि आठवणी छापण्यात व्हर्जिनियावाल्यांचा हात कोणी धरला नाही. पिकेटच्या अहवालाचा शोध घेऊ नका. दोषारोपांनी भरलेला तो अहवाल मूळ आणि नक्कल दोन्ही नष्ट करायला लीनेच सांगितलं, आणि तो आजवर सापडलेला नाही. त्यापेक्षा पिकेटने रणभूमीवरून प्रेयसीला लिहिलेली पत्रं वापरा. सुंदर आहेत. त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी त्याच्या विधवेने छापली, आणि बरीचशी तिनेच लिहिली असावीत असं अभ्यासक म्हणतात. म्हणू देत. सरकारी अहवालात असा ओलावा कुठून आणणार?

उत्तरेकडचा नायक हवा असेल तर जॉर्ज मीडच्या वाटेला जाऊ नका. लढाईच्या तीनच दिवस आधी त्याच्या हाती सैन्य आलं, ती त्याने जिंकली, आणि १८७२ मध्ये तो वारला. म्हणजे गडी लवकर बाद. त्याऐवजी डॅनियल सिकल्सला धरा. हा राजकारणी. १८५९ मध्ये बायकोच्या प्रियकराला व्हाइट हाउससमोर गोळी घालून, तात्पुरत्या वेडाचा बचाव करून सुटलेला. मेलेला माणूस अमेरिकेच्या राष्ट्रगीतकाराचा मुलगा होता. गेटिसबर्गला दुसऱ्या दिवशी सिकल्सने हुकमाविना आपली कॉर्प्स अर्धा मैल पुढे पीच ऑर्चर्डकडे नेली. कॉर्प्सचा चुराडा झाला आणि याचा पाय गेला. पायाचं हाड त्याने लष्करी वैद्यकीय संग्रहालयाला भेट दिलं आणि पुढे ते पाहायलाही जात असे. आजही ते मेरीलँडमध्ये काचेआड आहे. अमेरिकन लष्करी इतिहासात इतका निर्विवाद पुरावा दुसरा नाही.

पण सिकल्सचं खरं युद्ध पाय गेल्यावर सुरू झालं. चौकशी समितीपुढे त्याने साक्ष दिली की मीडला पळून जायचं होतं. मार्च १८६४ मध्ये न्यूयॉर्क हेराल्डमध्ये 'हिस्टॉरिकस' या टोपणनावाने पत्र आलं, त्यात लढाई सिकल्सने वाचवल्याचं सविस्तर सांगितलं होतं. लिहिणारा कोण असावा यावर फारसं दुमत नाही. १८९७ मध्ये त्याला मेडल ऑफ ऑनर मिळालं. तो जगला १९१४ पर्यंत, मीडपेक्षा ४२ वर्षं जास्त. संशोधकाने यातून एवढंच घ्यायचं की मतभेद झाल्यास जो जास्त जगला त्याचं ऐकावं. वेळ वाचतो.

पुस्तकाला चित्रं लागतील. गेटिसबर्गच्याच रणभूमीवरच्या डेव्हिल्स डेनच्या खडकांआड पडलेल्या दक्षिणेच्या नेमबाजाचा अलेक्झांडर गार्डनरने छापलेला फोटो मुखपृष्ठावर घ्या. ते प्रेत दुसऱ्या जागी पडलं होतं, फोटो चांगला यावा म्हणून सुमारे ४० यार्ड उचलून आणलं आणि शेजारी बंदूक टेकवून ठेवली, हे १९७५ मध्ये एका अभ्यासकाने सगळे फोटो एकमेकांशी ताडून दाखवलं. गार्डनरने तर नोव्हेंबरात परत गेलो तेव्हाही सांगाडा आणि बंदूक तिथेच होती असं लिहून ठेवलंय. जुलैपासून चार महिने लोक तिथून गोळ्यासुद्धा वेचून नेत होते, पण अख्खी बंदूक कोणाच्या नजरेला पडली नाही. एवढ्या मोठ्या छायाचित्रकारावर विश्वास ठेवायचा नाही तर कोणावर?

काही गोष्टींना मात्र संशोधनात जागाच देऊ नका. पेनसिल्व्हेनियात शिरलेल्या लीच्या सैन्याने काळी माणसं पकडली, त्यात जन्मापासून स्वतंत्र असलेलीही होती, आणि त्यांना गुलाम म्हणून दक्षिणेला धाडलं. हे तुम्हाला नकाशांवरच्या निळ्या-लाल बाणांत दिसणार नाही. १ जुलैला लाँगस्ट्रीटच्या मुख्यालयातून पिकेटला एक हुकूम गेला, त्यात पकडलेल्या अशा माणसांना पुढच्या व्यवस्थेसाठी सोबत घेऊन या, अशी सूचना आहे. तो हुकूम त्या १२८ पुस्तकांतच छापलेला आहे. फोल्डर उघडू नका म्हणालो ते यासाठीच.

तसाच तो एब्राहम ब्रायन. सिमेटरी रिज या टेकाडावर त्याचं बारा एकरांचं शेत होतं. स्वतंत्र काळा शेतकरी. पकडलं जाण्याच्या भीतीने तो बायकापोरांसह आधीच निघून गेला. पेटिग्रूच्या माणसांचा हल्ला जिथे अडला, तिथेच त्याचं घर. परत आला तेव्हा भिंतींना भोकं, कुंपणं गायब, पीक तुडवलेलं. त्याने १,०२८ डॉलरची भरपाई मागितली, हातात १५ डॉलर पडले. युद्ध कशासाठी होतं हा प्रश्न त्याला पडला नसावा. तुम्हीही पाडून घेऊ नका, राज्यांचे हक्क म्हणा आणि पुढे चला. मिसिसिपीने फुटून निघताना जानेवारी १८६१ मध्ये जाहीरनामा काढला आणि आपली बाजू गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे निगडित आहे असं पहिल्याच परिच्छेदांत लिहिलं, ती त्यांची घाई. मुंबईच्या कापूस बाजारालाही गोष्ट नीट समजली होती. दक्षिणेची बंदरं कोंडली गेल्यावर खानदेश-वऱ्हाडचा कापूस सोन्याच्या भावाने गेला, शेअरांचा पूर आला, आणि १८६५ मध्ये ली शरण गेल्यावर पेढ्या आडव्या झाल्या. आपल्या पणजोबांचं दिवाळं अमेरिकेतल्या गुलामांच्या शेतीशी जोडलं गेलं होतं हे सांगितलंत, तर घोड्यावरच्या लीचा फोटो पाहायला आलेले वाचक उठून जातील.

गेटिसबर्ग उरकलं की लिटल बिगहॉर्न घ्या. मोंटाना, २५ जून १८७६. तिथे काम आणखी हलकं, कारण अमेरिकन घोडदळाचा कस्टर आणि त्याच्याबरोबरच्या पाच कंपन्यांतला कोणी जिवंत परतलाच नाही. समोरून लढलेल्या लाकोटा आणि शायेन या मूळनिवासी जमातींचे साक्षीदार हजारो होते, दशकानुदशकं सांगत होते, पण त्यांच्या हकिगती एकमेकींशी जुळत नाहीत म्हणून बाजूला ठेवल्या गेल्या. न जुळणाऱ्या हकिगती फक्त जनरलांना शोभतात. १९८३ मध्ये माळावरचं गवत जळालं, पुढच्या वर्षी धातुशोधक यंत्रं घेऊन काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या वेचल्या, आणि साक्षीदारांनी सांगितलेलं बरंच खरं निघायला लागलं. तिकडे जाऊ नका, ऊन फार असतं. कस्टरच्या विधवेने तीन पुस्तकं लिहिली आणि ती १९३३ पर्यंत जगली, म्हणजे सिकल्सचा नियम इथेही लागू. शिवाय अनहॉयझर-बुश या बिअर कंपनीने १८९६ मध्ये कस्टरच्या शेवटच्या लढाईचं रंगीत चित्र छापून अमेरिकेतल्या दारूच्या गुत्त्यांत भिंतीभिंतींवर लावलं. तलवार उगारलेला कस्टर मधोमध आहे. त्याच्या तुकडीने त्या मोहिमेवर तलवारी बरोबर नेल्याच नव्हत्या, पण चित्राची एखादी जुनी प्रत लिलावात मिळाली तर घेऊन टाका, चौकट मात्र सागाची करा.