उजवी लेन रिकामी दिसली म्हणजे वाया गेली असं नाही

पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावरच्या कोंडीबद्दलचा एक लांबलचक संदेश सध्या पुन्हा फिरतोय. माझ्याकडेच तो चार ठिकाणांहून आला: सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर आणि दोन नातेवाइकांकडून. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं. लेनची शिस्त हे कोंडीवरचं औषध नाही, उलट कोंडीचं कारण आहे. तीन लेनमधली एक ओव्हरटेकसाठी सोडायची म्हणजे रस्त्याचा तिसरा हिस्सा वाया घालवायचा. वेगमर्यादेत चालणाऱ्याला उजवीकडून कुणी हटवू नये. खरे दोषी ट्रकवाले. कोंडीत ज्याला जिथे फट मिळेल तिथून त्याने पुढे जावं, पाणी जशी आपली वाट काढतं तसं. आपल्या लोकांना लेन कधी जमणार नाहीत, आणि लेनचे दंड म्हणजे निव्वळ वसुली.

गेली पंधरा वर्षं मी जवळजवळ दर आठवड्याला हा रस्ता करतो आणि त्यातले कित्येक शनिवार खंडाळ्याच्या घाटात पहिल्या गिअरवर काढलेत. म्हणून या संदेशाला नीट उत्तर द्यावंसं वाटलं. त्यातली एक गोष्ट आधीच मान्य करतो: रस्ता अपुरा पडतोय. कळंबोली ते किवळे हा ९४.५ किलोमीटरचा सहापदरी मार्ग २००२ मध्ये पूर्ण खुला झाला, आणि तेव्हाची वाहनसंख्या आज राहिलेली नाही. पण रस्ता अपुरा आहे म्हणून लेन मोडा, हा निष्कर्ष उफराटा आहे. अपुऱ्या रस्त्यावर तर शिस्त जास्तच लागते.

आता रिकाम्या लेनचा हिशोब. संदेश लिहिणाऱ्याने रस्त्याकडे गोदामासारखं पाहिलंय, जेवढी जागा भरली तेवढा उपयोग झाला असं. रस्ता गाड्या साठवायला नसतो, पुढे न्यायला असतो. तासाभरात एका जागेवरून किती गाड्या पुढे गेल्या हे मोजायचं असतं. दोन गाड्यांत दोन सेकंदांचं अंतर धरलं तर एका लेनमधून तासाला १८०० गाड्या जातात. हा आकडा टिकतो तो गाड्या एकसारख्या चालल्या तर. मध्येच कुणी घुसलं, मागच्याने ब्रेक दाबला, त्याच्या मागच्याने आणखी जोरात दाबला, की तीच लेन गच्च भरलेली दिसते आणि त्यातून पुढे सरकणाऱ्या गाड्या मात्र कमी होतात. डोळ्यांना मात्र रस्ता अगदी 'पूर्ण वापरात' दिसतो.

शिवाय उजवी लेन रिकामी दिसते कधी? रहदारी तुरळक असते तेव्हा. तेव्हा वाया काहीच जात नाही, कारण डावीकडच्या दोन लेननाच काम पुरतं. गर्दी वाढली की तिन्ही लेन आपोआप भरतात, आणि अशा वेळी एक लेन मोकळी ठेवा असं कुणी म्हणत नाही. तेव्हाची शिस्त वेगळी असते: आपल्या लेनमध्ये राहायचं, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायचं, दर दोनशे मीटरला लेन बदलायची नाही. या दोन वेळांची सरमिसळ केली म्हणूनच हा मुद्दा पटण्यासारखा वाटतो.

जपानमध्ये नागोया विद्यापीठातल्या सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता, २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. २३० मीटर परिघाच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या ठेवल्या आणि चालकांना एका ठरावीक वेगाने, अंतर राखून चालायला सांगितलं. एकच लेन, चौक नाही, सिग्नल नाही, ट्रक नाही, चढ नाही. तरी थोड्या वेळाने काही गाड्या जागच्या जागी थांबल्या, आणि ती थांबण्याची लाट गाड्यांच्या उलट दिशेने मागे मागे सरकत राहिली. कुणाचा वेग जरासा कमी-जास्त झाला, तेवढं पुरलं. कोंडीतून सुटल्यावर 'पुढे तर काहीच नव्हतं, मग थांबलो कशाला' असं आपण म्हणतो, त्याचं उत्तर हे. जिथे लेन न बदलताही एवढं होतं, तिथे दर मिनिटाला कुणीतरी तिरपा कट मारत असेल तर मागे काय होत असेल, याचा विचार करा.

आता उजव्या लेनमध्ये ठाण मांडणाऱ्याचा मुद्दा. सपाटीवर मोटारींना १०० ची मर्यादा आहे. तो म्हणतो, मी ८० वर आहे, कुणाला त्रास देत नाही, उजवीकडे ब्रेकही कमी लागतो, मग सरकू कशाला? त्रास होतो, तो आरशात दिसत नाही इतकंच. मागून ९५ ने येणाऱ्याला उजवीकडून वाट मिळत नाही, मग तो डावीकडून काढतो. म्हणजे मधल्या लेनमध्ये शिरतो, तिथल्याला ब्रेक लावायला लावतो, आणि तुमच्या पुढे पुन्हा उजवीकडे येऊन तुम्हालाही ब्रेक लावायला लावतो. एका स्थिर गाडीमुळे दोन लेन अस्थिर झाल्या. आणि हे सगळं तुमच्या डाव्या बाजूला, जिथे तुमचं लक्ष सगळ्यात कमी असतं. मागचा जर १२० ने येत असेल तर तो चुकतोच आहे, पण त्याला अडवून धरणं हे आपलं काम नाही. त्यासाठी कॅमेरे आहेत, महामार्ग पोलीस आहेत. तुमच्या मागे रुग्णवाहिकाही असू शकते.

हे लिहितोय म्हणून बंपरला चिकटून डिपर मारत येणाऱ्यांनी खूश होऊ नये. १०० च्या वेगात दोन सेकंदांत गाडी ५५ मीटर जाते. तेवढं अंतर सोडून एकदा डिपर दिला तर ती विनंती. दहा मीटरवर येऊन दिला तर ती दमदाटी. आणि वाचतं काय? सपाटीच्या ३० किलोमीटरच्या पट्ट्यात ८० ने साडेबावीस मिनिटं लागतात, १०० ने अठरा. साडेचार मिनिटं.

आता घाट. खरं दुखणं इथेच आहे, आणि संदेशाने एका वाक्यात ते ट्रकवाल्यांच्या माथी मारलंय.

अडोशी बोगद्यापासून खंडाळा एक्झिटपर्यंत जुना चौपदरी महामार्ग आणि सहापदरी द्रुतगती मार्ग एकाच सहापदरी रस्त्यावर येतात. दहा पदरांची वाहतूक सहा पदरांत, तीही चढावर. या नरसाळ्याच्या तोंडाशी दोन लोडेड ट्रेलर आहेत असं समजा. डावीकडचा २० ने चढतोय, मागचा २२ ने. मागचा मधल्या लेनमध्ये येऊन ओव्हरटेक करायला घेतो. दोघांची लांबी आणि मागे-पुढे थोडी जागा धरली तर त्याला सुमारे ५० मीटर जास्त काटायचेत, आणि वेगातला फरक ताशी फक्त २ किलोमीटर. म्हणजे दीड मिनिट, आणि तेवढ्या वेळात साडेपाचशे मीटर रस्ता. दर तीन सेकंदांनी एक गाडी धरली तर मधल्या लेनमध्ये त्याच्या मागे तीस गाड्या तुंबल्या. त्या सगळ्या उजवीकडे घुसायला बघतात. इतक्यात तिसरा कुणी उजव्या लेनमध्ये ट्रेलर घालतो, की भिंत उभी राहिली. खाली बोगद्याच्या तोंडाशी क्लचप्लेट जळाल्याचा वास येतो, कडेला दोन-तीन मोटारी बॉनेट उघडून उभ्या असतात, आणि मुलं उतरून पाण्याच्या बाटल्या रिकाम्या करत असतात.

म्हणजे दोष ट्रकवाल्यांचाच ना? घाटात उजव्या लेनमध्ये ट्रेलर घालणाऱ्याला दंड झालाच पाहिजे, त्यात मला काडीची शंका नाही. पण खालापूरच्या फूड मॉलवर चहा पिताना एका बार्शीकडच्या चालकाला मी विचारलं, ''काका, तुम्ही डावी लेन सोडता कशाला?'' पंचावन्नच्या पुढचा माणूस. शांतपणे म्हणाला, ''साहेब, डावीकडं कुणी ना कुणी थांबलेलं असतंयच. एखादी बंद पडलेली, एखादी फोटो काढाय थांबलेली. लोडची गाडी चढावर एकदा थांबली की पुन्हा उचलायला लई जड जातं. म्हणून आधीच मधी घेतो.'' मी म्हटलं, पण मागे रांग लागते त्याचं काय? तर म्हणाला, ''ती दिसती की आरशात. पण आमच्या म्होरं दोन गाड्यांची जागा ऱ्हायली की तुमची कार घुसलीच. आम्ही ब्रेक मारला की पिकअप गेला. मग मागं रांग लागली म्हणून शिव्या आम्हालाच.''

त्या दिवसापासून घाटात ट्रकच्या पुढची मोकळी जागा मला मोकळी दिसत नाही. ती त्याची चढण्याची जागा आहे. ती आपण खाल्ली की तो पहिल्या गिअरवर येतो, आणि मग त्याच्या मागे अडकलेले तीस जण आपलेच असतात. ट्रकने डावीकडे राहायचं तर डावी लेन आणि तिच्या बाजूचं शोल्डर, म्हणजे रस्त्याच्या कडेची राखीव पट्टी, मोटारवाल्यांनीही मोकळं सोडलं पाहिजे. लेनची शिस्त एकट्या ट्रकवाल्याने पाळायची गोष्ट नाही.

'पाण्यासारखी वाट काढा' ही उपमा तर सपशेल चुकीची आहे. नदी अरुंद घळीत शिरली की तिचा वेग वाढतो. गाड्या अरुंद जागेत शिरल्या की त्यांचा वेग कमी होतो. गाड्या वागतात त्या ज्वारीसारख्या. नरसाळ्यातून ज्वारी पोत्यात भरून पाहा: सुटी सोडली तर सरसर उतरते, वरून मुठीने दाबली तर तोंडाशीच अडते. घाटातून तासाला जितक्या गाड्या निघायच्या तितक्याच निघतात. शोल्डरवरून वीस गाड्यांना मागे टाकणारा शेवटी बोगद्याआधी पुन्हा रांगेतच घुसतो, आणि त्याला आत घेताना ती लेन थांबते. त्याची दोन मिनिटं वाचतात, मागच्या शेकडो गाड्यांची मिळून कितीतरी जास्त जातात.

आणि ते शोल्डर कशासाठी असतं? गेल्या पावसाळ्यात अमृतांजन पूल होता त्या वळणाच्या खाली आम्ही असेच अडकलो होतो. मागून रुग्णवाहिकेचा सायरन ऐकू येत होता, पण जवळ येत नव्हता. शोल्डरवर सात-आठ मोटारी एकामागे एक घुसलेल्या, सगळ्यात पुढे एक बंद पडलेला टेम्पो. कुणाला मागे जाता येईना, आणि रांगेतल्यांना डावी-उजवीकडे सरकायला जागा उरली नव्हती. दोन पोरं गाडीतून उतरली, भर पावसात काचा ठोकत एकेकाला गाडी तिरकी करायला लावत त्यांनी वाट काढली. माझ्या घड्याळात अकरा मिनिटं झाली होती. आत कोण होतं, वेळेत पोहोचलं की नाही, मला कधीच कळणार नाही. 'जिथे फट मिळेल तिथून जा' असं लिहिणाऱ्याने ती अकरा मिनिटं तिथे उभं राहून पाहावीत.

एक अपवाद सांगायला हवा. अपघातामुळे किंवा कामामुळे पुढे लेन बंद असेल तेव्हा दोन्ही लेन शेवटपर्यंत वापराव्यात आणि तोंडाशी एकाआड एक गाडी सोडावी. अर्धा किलोमीटर आधीच घाबरून घुसण्यापेक्षा हे बरं. एकाआड एक हीसुद्धा शिस्तच आहे.

आपल्या लोकांना जमणार नाही, या मुद्द्यावर फार शब्द खर्च करावेसे वाटत नाहीत. लोकलमध्ये दादरला उतरणारा दोन स्टेशनं आधीच दाराकडे सरकायला लागतो आणि पुढच्याला विचारतो, ''दादर का?'' तो नाही म्हणाला तर दोघं जागा बदलतात. हे कुठल्या कायद्याने शिकवलं नाही, पोलीस नाही, कॅमेरा नाही. पालखी दिवे घाट चढते तेव्हा दिंड्या आपापल्या क्रमाने चढतात. त्याच माणसांच्या हातात स्टिअरिंग आलं की त्यांना क्रम कळेनासा होतो, हे मला मान्य नाही.

दंडाबद्दल मात्र लोकांच्या रागात तथ्य आहे. २०२४ पासून या मार्गावर कॅमेऱ्यांची वाहतूक व्यवस्थापन यंत्रणा सुरू झाली आणि लेन मोडल्याची चलनं घरबसल्या येऊ लागली. पावसात पांढरे पट्टे धड दिसत नसतील तर नेमकी कुठली लेन मोडली, हे विचारायचा हक्क चालकाला आहे. पट्टे ठळक करा, बोगद्याच्या दोन किलोमीटर आधीपासून मोठ्या मराठी अक्षरांत कोणत्या वाहनाने कोणत्या लेनमध्ये राहायचं ते लिहा, बंद पडलेली गाडी उचलायला क्रेन घाटातच उभी ठेवा. हे सगळं मागूया. पण पट्टा पुसट आहे म्हणून पट्टाच नको, ही मागणी कशी होऊ शकते?

आणि रुंदीकरण, नवा रस्ता? दोन्ही हवेच आहेत. खोपोली ते कुसगाव ही १३.३ किलोमीटरची मिसिंग लिंक घाटाचा फेरा टाळून सुमारे ६ किलोमीटर वाचवण्यासाठीच आखली गेली. पण तिथून बाहेर पडणारी गाडीही शेवटी त्याच तीन लेनवर येणार, आणि तिथे उजवीकडे ८० ने चाललेला कुणी बसला असेल तर नव्या बोगद्यात वाचलेली मिनिटं पुढे तळेगावपर्यंत हळूहळू गळून जाणार.

हे उत्तर मी त्या चारही ठिकाणी पाठवलं. आतेभावाने लगेच विचारलं, मग उजव्या लेनमध्ये थांबायचं तरी किती वेळ? ज्याला ओव्हरटेक केलं ती गाडी आतल्या आरशात पूर्ण दिसेपर्यंत. ती दिसली की इंडिकेटर, डाव्या आरशात एक नजर, आणि मधल्या लेनमध्ये.