मोल्टके घराणं आणि पाप धुण्याचा आरोप

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया पुन्हा वाचली. जर्मनीच्या मोल्टके या लष्करी घराण्यावरच्या लेखात त्यातल्या एका नाझीविरोधकाला पुढे करून मी दोन सेनापतींचं पाप धुऊन काढलं, वर ‘खानदानी रक्ता’चे गोडवे गायले, असं तुमचं म्हणणं.

धुवायचंच असतं तर थोरल्या हेल्मुथ फॉन मोल्टकेचं १८८० चं पत्र मी दिलंच नसतं. कायमची शांतता हे स्वप्न आहे आणि तेही काही सुंदर नाही, असं तो त्यात लिहितो. पण ऑस्ट्रिया आणि फ्रान्सविरुद्धची १८६६ आणि १८७० ची युद्धं प्रशिया या जर्मन राज्याला जिंकून देणाऱ्या याच माणसाने मे १८९० मध्ये, नव्वदीला टेकलेला असताना, राइशस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, बजावलं की पुढचं युद्ध सात वर्षं चालेल, कदाचित तीस. दोन्ही बोल त्याचेच. एक ठेवून दुसरा का गाळायचा?

रक्ताचं म्हणाल, तर थोरला मोल्टके निपुत्रिक होता. तो नाझीविरोधक, हेल्मुथ जेम्स, हा त्याच्या भावाचा पणतू, आणि हेल्मुथ जेम्सची आई दक्षिण आफ्रिकेच्या सरन्यायाधीशांची लेक. नावाचा जाच मात्र खरा होता. पहिलं महायुद्ध सुरू होताना, १ ऑगस्ट १९१४ ला, कैसरने, म्हणजे जर्मन सम्राटाने, सगळं सैन्य रशियाकडे वळवायला सांगितलं. थोरल्याचा पुतण्या, दुसरा सेनापती मोल्टके, तेव्हाचा सरसेनाध्यक्ष, म्हणाला, आता शक्य नाही. त्यावर कैसर काय म्हणावा? “तुझ्या काकाने मला वेगळं उत्तर दिलं असतं.” दीड महिन्यात फ्रान्समधल्या मार्न नदीवरून माघार झाली आणि या पुतण्याचं पदही गेलं.

हेल्मुथ जेम्सने ‘नुसत्या गप्पा मारल्या’ असंही तुम्ही लिहिता. क्रायझाऊच्या त्याच्या इस्टेटीवर १९४२-४३ मध्ये तीन बैठका झाल्या. समाजवादी, जेझुइट (कॅथलिक पंथाचे धर्मगुरू), प्रॉटेस्टंट, जमीनदार एकत्र बसून हिटलरनंतरच्या जर्मनीचा आराखडा ठरवत होते. हिटलरच्या हत्येला हेल्मुथ जेम्सचा विरोध होता, आणि हिटलरला मारण्याच्या २० जुलै १९४४ च्या कटावेळी तर तो जानेवारीपासून कोठडीतच होता. तरी २३ जानेवारी १९४५ ला त्याला फाशी दिली. आपण एकत्र विचार केला म्हणून आपल्याला लटकवताहेत, असं त्याने पत्नी फ्रायाला कळवलं होतं. गप्पांना त्याला शिक्षा सुनावणारा नाझी न्यायाधीश फ्रायस्लर तुमच्याइतकं क्षुल्लक समजत नव्हता, एवढंच म्हणतो.

नवऱ्याची पत्रं फ्रायाने मधमाश्यांच्या पेट्यांत लपवली, म्हणून ती आज वाचता येतात. या घराण्यात कुणाला पहिला मान द्यायचाच, तर मी या सुनेला देईन. ती जन्माने मोल्टके नव्हतीच. कोलोनच्या एका बँकरची मुलगी होती.