शंखात प्रथिन सापडलं म्हणून शंख कालचा ठरत नाही

सध्या व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय. त्याचा गोषवारा असा: अमेरिकेत मेरिलँडच्या किनाऱ्यावर मिळालेल्या एक्फोरा नावाच्या जीवाश्म शंखांत मूळ प्रथिन आणि मूळ रंग सापडला. प्रथिन तर काही हजार वर्षांत कुजून जातं. म्हणजे हे शंख कोट्यवधी वर्षांपूर्वीचे असूच शकत नाहीत, वय मोजायला वापरला जाणारा कार्बन-१४ही तेच सांगतो, आणि शास्त्रज्ञ हे दडवून ठेवतात.

यातलं पहिलं वाक्य खरं आहे, पुढची सगळी चुकीची आहेत. इतक्या सुंदर शोधाला असं वापरलेलं बघवत नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी त्या खऱ्या वाक्याबद्दल. चेसापीक उपसागराच्या काठी कॅल्व्हर्ट क्लिफ्स नावाचे उंच कडे आहेत. लाटांनी कडा ढासळला की मायोसीन काळातले (सुमारे २ कोटी ३० लाख ते ५३ लाख वर्षांपूर्वीचे) शिंपले, शार्कचे दात, देवमाशांची हाडं खाली येतात. बहुतेक शंख पांढरेफटक, खडूसारखे भुसभुशीत झालेले असतात. त्यांच्यात एक्फोरा मात्र विटकरी-तपकिरी रंगाचा, अंगावर ठसठशीत कंगोरे असलेला. खनिजशास्त्रज्ञ रॉबर्ट हेझन आणि सहकाऱ्यांनी हे शंख सौम्य आम्लात विरघळवले. चुना बुडबुडे होऊन निघून गेला आणि मागे शंखाच्याच रंगाचे पातळ पापुद्रे उरले. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. तपासणीत त्यांत या साखळीच्या कड्या जोडणारे पेप्टाइड बंध दिसले आणि ११ प्रकारची अमिनो आम्लं मिळाली. ॲस्पार्टेट आणि ग्लुटामेट त्यांत होतीच, शंखाचा चुना बांधून धरणाऱ्या प्रथिनांची हीच ओळख. शंखांचं वय ८० लाख ते १ कोटी ८० लाख वर्षं.

आता 'प्रथिन टिकूच शकत नाही' हा मुद्दा. सगळा मजकूर याच खांबावर उभा आहे. मेलेल्या माशाचं मांस दोन दिवसांत कुजतं, कारण जिवाणू आणि पाणी त्याच्यापर्यंत पोचतात. प्रथिन कुजण्याचं एकच ठरलेलं वेळापत्रक नसतं. तापमान किती, पाणी मिळतं का, जिवाणूंना वाट आहे का, प्रथिन मोकळं आहे की कशात अडकलंय, यावर वेग हजारो पटींनी बदलतो. शंख घडताना प्रथिन कॅल्साइटच्या, म्हणजे चुन्याच्या एका टिकाऊ खनिजाच्या, स्फटिकांमध्येच चिणलं जातं. जिवाणू त्या स्फटिकात शिरू शकत नाही. एक्फोराचा रंगीत बाहेरचा थर कॅल्साइटचा आहे. शेजारचे खडूसारखे झालेले शंख मुख्यतः ॲरागोनाइटचे. रासायनिक घटक तोच, पण ॲरागोनाइटची रचना कमी टिकाऊ असते, झिरपत्या पाण्यात ती विरघळते, बदलते आणि आतलं प्रथिन उघडं पडतं. एकाच कड्यात, एकाच मातीत एक रंगीत आणि दुसरा पांढरा का, याचं उत्तर इथे मिळतं. सगळेच शंख काही हजार वर्षांचे असते तर हा फरक खनिजाप्रमाणे का पडला असता, याचं उत्तर त्या मजकुरात नाही.

याला दुसरीकडूनही आधार आहे. टांझानियातल्या लेटोली इथल्या ३८ लाख वर्षांपूर्वीच्या शहामृगाच्या अंड्याच्या कवचातून २०१६ मध्ये प्रथिनाचे तुकडे वाचले गेले. सगळं प्रथिन उरलं नव्हतं. कॅल्साइटला सर्वांत घट्ट चिकटणारा भाग होता, नेमका तोच उरला होता. लेटोली उष्ण प्रदेशात आहे. तिथल्या उष्णतेचा हिशोब मांडला तर तेवढी झीज थंड जागी, १० अंश सेल्सिअसला, व्हायला सुमारे १ कोटी ६० लाख वर्षं लागली असती. हा आकडा एक्फोराच्या वयाच्या पट्ट्यातच बसतो.

'प्रथिन अगदी ताजं आहे' असंही मजकूर म्हणतो. ते ताजं नाही, आणि हे मोजलेलं आहे. ताज्या प्रथिनात नायट्रोजनच्या एका अणूमागे कार्बनचे साधारण तीन-चार अणू असतात. एक्फोराच्या पापुद्र्यांत हे प्रमाण ११ ते १८ आहे. काही कार्बन रंगद्रव्याचा असेल हे धरलं तरी पापुद्रा म्हणजे ताजं, शुद्ध प्रथिन नव्हे हे उघड आहे. जे उरलंय ते मूळचं आहे, पण जसंच्या तसं नाही. हा भेद मजकूर लिहिणाऱ्याने गाळला आणि वाचणाऱ्याला फसवलं, याचा मला राग आहे.

कार्बन-१४चं म्हणाल तर त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा नाहीसा व्हायला लागणारा काळ, ५,७३० वर्षं. ५० हजार वर्षांच्या पलीकडे मोजण्याजोगं काही उरत नाही. त्यामुळे जुन्या शिंपल्यात नंतर झिरपलेला किंचित नवा कार्बनसुद्धा 'तीस-चाळीस हजार वर्षं' असं खोटं वय दाखवू शकतो. याच मजकुरात 'जिवंत शिंपल्याचं वय २,३०० वर्षं आलं' असंही जोडलेलं असतं. ते खरं आहे, १९६३ मध्ये छापूनही आलं. नदीच्या पाण्यातला जुना कार्बन शिंपल्यात गेला की असं होतं, आणि तो निबंध हीच चूक समजावून सांगण्यासाठी लिहिलेला होता.

एक्फोराचं वय कार्बनवरून काढलेलंच नाही. थरांचा क्रम, त्यांतले डायटम (सूक्ष्म शैवाल) आणि शिंपल्यांतलं स्ट्रॉन्शियम यांवरून मायोसीन थरांचं वय ठरतं. त्या काळात समुद्राच्या पाण्यातलं स्ट्रॉन्शियमच्या दोन समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंचं) गुणोत्तर सतत वाढत होतं आणि शिंपला बनताना ते त्यात नोंदलं गेलं. प्रथिनाचा त्या मोजणीशी काही संबंध नाही.

राहिला दडवण्याचा आरोप. जीवाश्म शिंपल्यांत अमिनो आम्लं असल्याचं शास्त्रज्ञ फिलिप एबलसन यांनी १९५४ मध्येच सांगितलं होतं, तेही अमेरिकेतल्या कार्नेगी इन्स्टिट्यूशन या संशोधन संस्थेतूनच, जिथे हेझन काम करतात. एक्फोराचा निबंध २०१५ पासून कुणालाही वाचायला खुला आहे. त्यात पापुद्र्यांतल्या नायट्रोजनच्या समस्थानिकांचे आकडेही आहेत. अन्नसाखळीत वर गेलं की जड नायट्रोजनचं प्रमाण वाढतं, आणि एक्फोराच्या काही शंखांत ते शिकारी प्राण्यासारखं चढलेलं आहे. एक्फोरा ही समुद्री गोगलगाय दुसऱ्या शिंपल्यांना भोक पाडून आतलं मांस खायची. त्या जेवणाची खूण अजून त्या तपकिरी पापुद्र्यात आहे.